शिगोशीग भरलेलं तेल

मी, धुळाजी सटवा देवकते, वय एकाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार मांजरसुंबा, जिल्हा बीड, माझ्यामागे भांडण नको म्हणून राजीखुशीने हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. औषधामुळे दुपारी डोळा लागतो आणि स्वप्नात मी घाटात गाडीवर असतो, एवढंच. झोपेत लिहिलेला यात एकही शब्द नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी वनमाला हिची. तिच्या हयातीत घर विकण्याचा विषय कोणी काढू नये. स्वयंपाकघरातला पंखा मी दुरुस्त केला नाही, त्याबद्दल ती मला पुरेसं बोललेली आहे.

२. दुकान आणि पान्यांची पेटी मुलगी मनिषा हिला. ती आष्टीला शाळेत शिकवते, पण हात माझा आहे. शेजारचे धाबेवाले अजिनाथ यांनी नेलेला जॅक तिने मागून घ्यावा. "उद्या देतो" म्हणतात. त्यांचा उद्या चार वर्षं लांबला आहे.

३. शाफ्टवाली मोटारसायकलही मनिषाचीच. पुण्याच्या एका प्रवाशाने वैतागून ती मला विकली. तिला चेन नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत लोखंडी दांडा फिरतो आणि चाकाजवळच्या डब्यात दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात. सकाळच्या धुक्यात घाट उतरताना ती रस्त्याला टेकलेलीच नाही असं वाटतं. माझ्या खांद्यावर वनमालाचा हात, खाली सगळं पांढरं. अजूनही डोळा लागला की आम्ही तिथेच असतो, आणि दोघांपैकी कोणी म्हातारं झालेलं नसतं.

मनिषा, गिअर टाकताना मागून एक 'टक्' येतो, तो तिचा स्वभाव आहे. चालताना जात्यासारखी घरघर आली तर मात्र तेल काढून बघ. बुचाच्या चुंबकाला राखेसारखी भुकटी असली तर चालेल. कपच्या निघाल्या तर गाडी हलवू नकोस.

४. हे कलम वकील गाळा म्हणाले, मी ठेवतो. अकरा वर्षांपूर्वी वनमालाचा धाकटा भाऊ तानाजी माझ्या दुकानात काम करायचा. शाफ्टवाल्या गाडीच्या त्या डब्यातून तेल गळायचं. त्याने तेल अडवणारं नवीन रबरी सील बसवलं, तेल मी भरलं. ज्वारीचं माप शिगोशीग द्यायची आमच्या घरची रीत. तीच मी तेलाला लावली.

"दाजी, लई भरू नका," तानाजी म्हणाला, "तापल्यावर तेलाला जागा लागती."

"तू मला शिकवतो का बे?" मी म्हणालो.

घाटात तापलेलं तेल सील ढकलून टायरवर आलं, गाडी घसरली, वनमालाचं मनगट मोडलं. मी भर चौकात, चार माणसांत तानाजीच्या हाताला दोष दिला आणि त्याला हाकलून दिलं. तो वडवणीला गेला. तेव्हापासून भाऊबीजेला वनमाला चंद्राला ओवाळते. ज्यांना भाऊ नाही त्या बायका असं करतात. हिला भाऊ आहे.

दहा वर्षं मी सीलं बदलत आणि तानाजीला शिव्या देत राहिलो. मागच्या वर्षी आजारपणात हाताला बाटली पेलेना, तेल कमी पडलं, आणि त्यानंतर एक थेंब गळला नाही. कोरड्या चाकासमोर मी स्टूल टाकून बसून राहिलो. चूक माझी होती. कळूनही वर्षभर गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

५. तानाजीला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. डॉक्टरांनी होळीपर्यंतची मुदत दिली आहे. माफीच्या निरोपाने तो येणार नाही. सही लागते म्हटल्यावर येईल. आल्यावर त्याने कलम चार वनमालासमोर मोठ्याने वाचावं. माझ्या तोंडून ते निघत नाही.

स्थळ: मांजरसुंबा
दिनांक: १९ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: धुळाजी सटवा देवकते (सही)

साक्षीदार १: अजिनाथ रसाळ, मांजरसुंबा (सही)

साक्षीदार २: तानाजी आप्पा गावडे, वडवणी (सही)
मोठ्यानं वाचलं. अक्का लई रडली. दाजी, आज मुक्काम हितंच हाय.