मागून बसलेल्या फियाटीची निरवानिरव

मी, जोतीराम दत्तू वरुटे, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार टेंबलाईवाडी, कोल्हापूर, धंदा गाड्यांचे पाटे, सध्या घरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. अकलेबद्दल त्यांनी दाखला दिला नाही, मीही मागितला नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझी पत्नी सौ. बयाबाई हिला, तिच्या पश्चात मुलगा अमरसिंह याला. तो पुण्यात संगणकावर काम करतो आणि दर दिवाळीला विचारतो, "आबा, ही गाडी भंगारात कधी घालायची?" म्हणून गाडी त्याला नाही.

२. शेजारी उदयसिंह यांनी माझ्या गाडीला चारचौघांत 'बसलेली म्हैस' म्हटले होते. त्यांना मी माफ करतो, कारण ती तशीच दिसते. त्यांनी नेलेली माझी शिडी मात्र परत आणावी.

३. गाडीचा खुलासा. १९६८ सालची फियाट, रंग मूळचा मोतिया. मागच्या चाकांवरचे वजन पोलादी पट्ट्यांच्या कमानी पेलतात, त्यांना आम्ही पाटे म्हणतो. ओझ्याने ते सपाट झाले की त्यांना पुन्हा कमान द्यायची, हे काम मी उद्यमनगरात जन्मभर केले. सोबत भागीदार रेवणसिद्ध मगदूम. हे मृत्युपत्र खरे तर त्याच्यासाठी आहे. बाकीची कलमे लाजेखातर घातली आहेत.

२००३ साली ही फियाट मी हौसेने घेतली तेव्हा तिचे पाटे बसलेले होते. आमच्याकडे पाटे चढवून झाले की तालमीतले तीन पैलवान मागच्या सीटवर बसवून एक फेरी मारायची पद्धत. ती फक्त खात्रीसाठी. पण मी पडलो शहाणा. पैलवान बसलेले असतानाच मी मोजमाप घेतले आणि गाडी सरळ दिसेल इतकी कमान धरली.

रेवण म्हणाला, "जोत्या, मोकळ्या गाडीवर मोजमाप घे की. पैलवान उतरून घरला जात्यात, पाटा गाडीतच ऱ्हातोय."

मी गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "हातोडा धरायला म्या शिकवलं तुला! आता लई कळाय लागलं व्हय?"

त्याने पाना खाली ठेवला, हात धुतले आणि निघून गेला. मी त्याच मापाने पाटे चढवले, फेरी मारली आणि पैलवान उतरले. गाडीचे बूड असे वर आले की पुढचे दिवे थेट रस्त्यातल्या खड्ड्यांत बघू लागले.

चूक कबूल करायची सोडून मी डिकीत गुळाचे तीन रवे, म्हणजे अख्ख्या ढेपा, ठेवले. गाडी सरळ झाली. बयाबाई म्हणाली, "गूळ खायाचा असतोय, हिंडवायचा न्हाय." मुंग्या झाल्यावर मी गुळाच्या जागी वाळूची पोती भरली आणि ती अकरा वर्षे हिंडवली. त्या ओझ्याने पाटे परत बसले. आता डिकी रिकामी असूनही गाडी मागून टेकते. एकच गाडी आधी वरून आणि मग खालून बिघडवणारा पाटेवाला जिल्ह्यात दुसरा नसावा.

रेवणने कसबा बावड्यात स्वतःचे दुकान काढले. तिथे जायला अर्धा तास लागतो, मला बावीस वर्षे जमले नाही. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परत आलो. मला त्याची फार आठवण येते. हे तोंडाने निघत नाही, म्हणून कागदावर लिहितो.

४. सदर फियाट, ऐरण व सर्व हातोडे रेवणसिद्ध मगदूम यास द्यावेत. पाटे त्याने त्याच्या पद्धतीने उठवावेत. त्याचे बरोबर होते, असे अमरसिंहाने माझ्या वतीने त्याला सांगावे.

कलम ४ रद्द केले आहे. कारण असे की, बयाबाईने मसुदा वाचून मला न विचारता रेवणला फोन केला. आज दुपारी तो आला. चष्मा लावून त्याने ते कलम दोनदा वाचले.

"मेल्यावर पोराच्या तोंडानं कशाला? हितं समोर बसलोय की मी. बोल."

मी मसुदा उलटा करून ठेवला. मग म्हणालो, "तुझं बरोबर हुतं, रेवण. माझं चुकलं."

"उद्या सकाळी गाडी घेऊन ये," तो म्हणाला. "आणि जेवायला थांब."

गाडीचे पुढे काय करायचे ते आम्ही दोघे जिवंतपणी ठरवू. त्याने काही घ्यायचे नाकारल्यामुळे त्याची साक्ष चालेल, असे वकील स्नेहलताई म्हणतात. खाडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
लिहून ठेवणार: जोतीराम दत्तू वरुटे (सही)

साक्षीदार:
१. आदर्श सोमेश कोरे, नाते: शेजारी (सही)
२. रेवणसिद्ध बसगोंडा मगदूम, नाते: भागीदार (सही. नात्याचा रकाना त्याने स्वतः भरला आहे.)