कुत्र्यालाही अहो-जाहो

३ मार्च, मंगळवार

शेजारच्या एलादिओंचा कॉम्प्युटर गेला! सकाळी पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला — 'कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' दुसऱ्या कुणी सरळ वायर उपटली असती. एलादिओंनी फोन केला. वर त्या 'तंत्रज्ञा'ची विचारपूस केली, जेवलात का विचारलं, घराचा पत्ताही दिला — जुन्या अंजिरापासून दोनशे मीटर उत्तरेला, हिरवं फाटक. तो अंजीर पडून जमाना झाला. चोराला घर सापडायचं नाही, तेवढंच नशीब.

मग त्यानं सांगितलं ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, तर हे कौतुकानं बघत बसले! आता बायकोचे सगळे फोटो कुलपात, किल्ली हवी तर पैसे भरा. बिचारी एर्मेलिंदा जिवंतपणी एक रात्र माहेरी राहिली नाही, आणि आता ओलीस.

मी म्हटलं, तो तुम्हाला 'तू' म्हणत होता, तेव्हाही शंका आली नाही? तर म्हणाले, "बाहेरचा असेल हो. त्याला कोण शिकवणार?"

४ मार्च

बँकेच्या नावानं मेल. 'प्रिय मित्रा, तुझं खातं बंद होत आहे. इथे दाब.' दाब म्हणे! पुसून टाकला.

आमच्या पालमारेस गावात नवरा बायकोला अहो म्हणतो, आई लेकराला अहो म्हणते. मी कनेलोलासुद्धा म्हणते — कनेलो, सोफ्यावरून उतरा. कुत्रा असला म्हणून काय झालं? 'तू' म्हणतात ते टीव्हीतले लोक. आणि चोर.

६ मार्च, शुक्रवार

एलादिओंच्या प्रकारानंतर सगळं गाव घाबरलंय. समाजमंदिरात वर्ग सुरू झाला. शिकवायला योर्लेनीबाई — बारीक अंगाच्या, आवाज मात्र पाद्र्यापेक्षा मोठा. पासवर्ड लांब ठेवा. फोनवर आलेला कोड सख्ख्या भावालाही सांगू नका. फोटोंची एक प्रत वेगळी काढून कपाटात ठेवा (एलादिओ मान खाली घालून लिहून घेत होते). चोराला उत्तर देऊ नका. शंका आली तर दुसऱ्या ओळखीच्या वाटेनं खात्री करा, कुणालातरी फोन करून विचारा.

मी उठून माझी अहो-जाहोची चाळणी सांगितली. टाळ्या पडल्या! योर्लेनीबाई म्हणाल्या, "चाळणी चांगली आहे, ओदिलीबाई. पण एकाच चाळणीवर भिस्त ठेवू नका." जळल्या, दुसरं काय.

माझा मेलचा पत्ता फार जुना आहे, सगळ्या चोरांकडे पोचलाय, बदलून टाका म्हणाल्या. फोन नंबर बदलला मी. मेलचा पत्ता नाही बदलणार. माझ्या मुलाकडे, ग्रेवीनकडे, तोच आहे.

वडिलांच्या मातीला आला नाही. मी नको नको ते बोलले, तोही बोलला. तेव्हापासून तिकडून, समुद्रापलीकडच्या व्हॅलेन्सियाहून, एक ओळ नाही. मी पत्ता बदलला आणि त्यानं नेमकं दुसऱ्या दिवशी लिहिलं तर? लाख चोर येऊ देत. दार उघडं ठेवायचं.

७ मार्च

कॉम्प्युटर अपडेट होतोय. तेवढ्यात माझा घेवडा-भाताचा गायो पिंतो शिजला, खाऊन झाला, भांडी घासून झाली. अजून होतोच आहे.

१० मार्च, मंगळवार

आला! ग्रेवीनच्या नावानं मेल, पत्ता भलताच.

'आई, तू कशी आहेस? फोन हरवला, जुना मेल उघडत नाही, म्हणून हा नवा पत्ता. मी हॉस्पिटलमध्ये आहे. शुक्रवारी हृदयाचं ऑपरेशन. पैसे नकोत. त्याआधी फक्त तुझा आवाज ऐकायचा होता. तुझा जुना नंबर लागत नाही. नवा पाठव.'

खरं सांगते, छातीत धस्स झालं. मग पुन्हा वाचलं. तू! माझा मुलगा पाळण्यापासून अहो म्हणत आलाय. त्या दिवशी फोन आपटला, तोसुद्धा अहो म्हणूनच आपटला.

आणि 'पैसे नकोत' म्हणे! चांगलाच मुरलेला दिसतो. आज नंबर, उद्या आवाज, परवा डॉक्टरांचं बिल.

उत्तर द्यायचं नसतं. पण एवढी मजा कोण सोडेल? लिहिलं — 'अहो चोरसाहेब, आधी आमच्याकडची बोली शिका, मग आमची मुलं व्हा.' पाठवलं आणि त्याला ब्लॉक केलं. चोरालाही अहो म्हटलं. याला म्हणतात वळण!

११ मार्च

मेल्यांनी नेमकं हृदयच का निवडलं? ग्रेवीनचे वडीलही हृदयानंच गेले. — मीच फेसबुकवर लिहिलं होतं म्हणा. तिथूनच उचललं असणार.

कनेलो आज जेवले नाहीत. मलाही गुळाचं पाणी तेवढं गेलं.

१२ मार्च, गुरुवार

वर्गात मेल वाचून दाखवला. नमुना म्हणून. 'आई, तू कशी आहेस' इथपर्यंत आले आणि सगळे फुटले. माझ्या उत्तरावर तर बाकं वाजवली. इतकं कौतुक लग्नातही झालं नव्हतं माझं.

एलादिओ तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "आणि खराच असला तर?"

मी म्हटलं, "तुमचा कॉम्प्युटर कसा आहे आता?" पुन्हा हशा.

योर्लेनीबाईंनी विचारलं, मुलाच्या ओळखीच्या कुणाकडे चौकशी केलीत का? म्हटलं, गरजच काय? 'तू' म्हणतोय ना.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी एलादिओ दारात. टोपी हातात.

ग्रेवीनचा फोन आला होता त्यांना, घरच्या जुन्या फोनवर. लहानपणापासून तो नंबर त्याला पाठ. आत्ता ऑपरेशनला आत नेतायत म्हणाला. "आईनं मला चोर म्हटलं, असं सांगून हसला," एलादिओ म्हणाले. "मलाही 'तू'च म्हणत होता हो. इतकी वर्षं झाली तिकडे, सगळ्यांना 'तू' म्हणणाऱ्यांत. त्याला ते कळतसुद्धा नाही आता."

नर्सनं फोन काढून घेतला. त्याचा नंबर विचारायचा राहिला, माझा नवा द्यायचाही.

ब्लॉक काढला. लिहिलं — 'तू बरा हो. माझा नंबर खाली देते आहे.' अनोळखी पत्त्यावर स्वतःचा नंबर पाठवला. पुढे घरचा पत्ताही लिहिला, अंजिरासकट.

कनेलो, जरा गप्प बसा. फोन वाजला तर ऐकू यायला हवा.