शेंगोळ्यांवरची पाटी

आई,

पहिल्या गाडीनं कॉलेजला चाललेय. तुला उठवून तोंड दाखवायचा धीर होईना. दूध तापवलंय, मांजराकडं लक्ष ठेव.

कॉलेजच्या खाद्यमेळ्यात 'जगातले प्रसिद्ध पदार्थ' या विषयात आमच्या गटाला इटली आली, आणि काल मी तुझ्या हातच्या शेंगोळ्यांवर 'इटलीचा पास्ता' अशी पाटी लावली. तू तिसगावहून एसटीनं नगरला बघायला येशील, हे ध्यानीमनी नव्हतं. मैत्रिणींपुढं मी तुला 'मावशी, कूपन घ्या' म्हणाले. तू गुपचूप कूपन घेतलंस, स्वतः वळलेली शेंगोळी गिऱ्हाइकासारखी उभ्यानं खाल्लीस, 'लई चांगलं झालंय, बाई' म्हणालीस आणि निघून गेलीस. रात्री मला नेहमीसारखी गरम भाकरी वाढलीस.

मेळा आजही आहे. पाटी मी बदलतेय: 'हुलग्याची शेंगोळी, तिसगाव'. काल रात्री वळून बघितली, पण माझी रश्श्यात विरघळतात. पीठ चाळून ठेवलंय. तुझी डब्यात घेऊन दुपारच्या गाडीनं ये.

आणि मला बाई म्हणू नकोस गं. रानातून मारतेस तशी नावानं हाक मार, सगळ्यांसमोर.

वृषाली