पाया न पडणारी बाई

४ जानेवारी

ती. अक्कास,
पोपटाचा शि. सा. न. वि. वि.

नाटक सोडून बोलपटाच्या कंपनीत लेखक झालो म्हणून दादा धुसफुसतोय, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्याला सांग, अकरा वर्षं बाईच्या वेषात नायिका झालो. आता आवाज जाड झाला, गाल बसले आणि सासऱ्यांची कामं मिळू लागली. त्यापेक्षा लेखणी बरी.

पहिल्याच बोलपटात मात्र मी माती खाल्ली. नाटकात चांगल्या वाक्यानंतर टाळ्यांसाठी थांबायची आमची सवय. कागदावरही मी तशा जागा सोडल्या आणि नटांनी त्या इमानेइतबारे पाळल्या. पडद्यावर नायिका एक वाक्य बोलायची आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत हवेत बघत राहायची. लोक पोट धरून हसले. मालकांनी मला मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवून ते दाखवलं.

आता दुसरी गोष्ट लिहितोय, सुरुवातीचा भाग चित्रितही होऊ लागलाय. नवऱ्याने टाकलेली बाई शिवणकामावर उभी राहते आणि बारा वर्षांनी तो दारात येतो. ही कुणाची गोष्ट ते तू ओळखशीलच. न विचारता लिहिली, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल. शेवटी ती त्याच्या तोंडावर दार आपटते. मालकांना ती त्याच्या पाया पडायला हवी आहे, म्हणजे प्रेक्षक समाधानाने घरी जातील. महिनाअखेरपर्यंत मी शेवट बदलला नाही, तर तो कंपनीचा कारकून बदलून लिहिणार आहे. तू म्हणशील तसं करेन.

डोळ्यांना जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
पोपट

११ जानेवारी

चि. पोपटास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

रागावले, पण दोनच दिवस. नंतर हसू आलं. मेल्या, स्टेजवर तू किती नवऱ्यांना रडून रडून माफ केलंस! पुढच्या रांगेत बसून माझे हात शिवशिवायचे.

पण तुझाही शेवट चुकलाय. मी दार आपटलं नव्हतं. दार आपटतो तो रागावलेला नट. गृहस्थ आले तेव्हा मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सायंकाळी एक झबलं द्यायचं आहे म्हणून सांगितलं आणि मशीनवर जाऊन बसले. ते तासभर खुर्चीत होते. मी बाह्या जोडल्या, गळा केला, काज केली. मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. झबलं मात्र वेळेवर गेलं.

जसं घडलं तसं लिही. घराची अब्रू जाईल असं दादा म्हणतो. मी त्याला म्हटलं, बारा वर्षं खाली मान घालून मी शिवणासाठी बसले होते, लाजेने नव्हे.

वेळेवर जेव, आणि अधूनमधून या थोरल्या बहिणीची आठवण ठेव.
अक्का

३० जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र समोर ठेवूनच लिहिलं. मी लिहिलेलं वाचून दाखवत नाही, करून दाखवतो, हे तुला ठाऊक आहे. मालकांच्या टेबलापुढे स्टूल ओढलं आणि नसलेल्या मशीनवर बाह्या जोडल्या, गळा केला, काज केली. मालकांनी विचारलं, हिचं वाक्य कुठे आहे? वाक्य नाही म्हटल्यावर ते भडकले. मागच्या वेळी लोक हसले तेवढं पुरलं नाही का, म्हणाले. मी सांगितलं की तेव्हा नायिका टाळ्यांची वाट बघत होती, ही बाई कुणाचीच वाट बघत नाही. आणि हेही सांगितलं की स्टेजवर हुकुमाने शेकडो वेळा पाया पडलो, आता माझ्या लेखणीतली एकही बाई पाया पडणार नाही.

आमची नायिका दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि पाया पडायचं असेल तर दुसरी बघा म्हणाली. अर्धं काम चित्रित झालेलं, मालक काय करणार? त्यांनी शेवट ठेवला, पण अट घातली. पडद्यावर लेखक म्हणून कारकुनाचं नाव येईल. मी लगेच हो म्हटलं. खोलीवर आल्यावर फार वाईट वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण हो म्हटल्याचा पस्तावा नाही.

जशी आहेस तशीच राहा, एवढंच मागणं.
पोपट

२ सप्टेंबर

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा बोलपट पाहिला. दादाला ओढूनच नेलं. शेवटी ती नटी मशीनवर बसली तेव्हा थिएटरात कुणी हसलं नाही. काज तिला येत नाही, सुई उलटी धरते, तेवढं तिला शिकवायला हवं.

दिवे लागले आणि मागच्या बायका बोलू लागल्या. हे कुणा पुरुषाने लिहिलेलं दिसत नाही, आणि अशी बाई असते तरी का, असं त्यांचं चाललं होतं. दादा माझा हात ओढत होता. मी तो सोडवला, खुर्चीला धरून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हे माझ्या धाकट्या भावाने लिहिलंय, पडद्यावर नाव आहे त्याने नव्हे. आणि ती बाई मी आहे.

पुढचं लवकर लिहायला घे. तुझ्यावर आहे तो जीव आहेच.
अक्का