आधी चार्जिंग, मग पाणी

बाबा, गेल्या महिन्यात मी वहिनीसोबत बैहरच्या पुढच्या त्या रिसॉर्टला जाऊन आले आणि तेव्हापासून माझा नुसता जळफळाट चालला आहे. हे दादाला सांगितलं तर तो हसेल. लालबर्र्याला सासरी सांगितलं तर म्हणतील, राइस मिलवाल्यांच्या सुनेला बॅटऱ्यांचं काय पडलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावले तरी मला कोणी नावं ठेवणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

झालं असं की वहिनी तुमच्या बॅटरीच्या दुकानासमोरच्या शेवाळावर घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून रिसॉर्टही बंद. पण पाहुण्यांना फाटकापासून खोल्यांपर्यंत नेणाऱ्या त्या छोट्या गोल्फ कार्ट शेडमध्ये उभ्याच असतात, आणि त्यांच्या बॅटऱ्यांना सुट्टी नसते. नुसत्या उभ्या बॅटरीतूनही करंट हळूहळू उतरत राहतो, आणि ती तशीच रिकामी पडून राहिली की हिवाळ्यात पाहुणे येईस्तोवर कामातून जाते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, दर महिन्याला तिथे जाऊन त्या चार्ज करायला तुम्ही कधी चुकला नाहीत. तुमच्यामागे दुकान चालवणारी वहिनीही चुकलेली नाही. तिचा फोन आला, "ताई, मले एक उजवा हात पाह्यजे. येता का?" मी लगेच हो म्हणाले. तिला वाटलं, किती माया! माया कसली, मला बघायचं होतं की तुम्ही तिला असं काय शिकवलंत, जे मला शिकवलं नाहीत.

मला तो दिवाळीचा दिवस आठवतो. अंगात नवा पिवळा फ्रॉक आहे आणि तो तुम्हाला दाखवायला मी धावत दुकानात शिरते. तुम्ही एका बॅटरीवर वाकलेले आहात. माझा पाय उंबऱ्याच्या आत पडतो न पडतो तोच तुम्ही ओरडता, "आत येऊ नोको! तेजाब हाय, फ्राक जळन!" आयुष्यात तुम्ही मला रागावलात ते तेवढंच. त्यानंतर मी कायम उंबऱ्याबाहेर. गोंदियाला गेलात की माझ्यासाठी भारीतलं कापड आणायचात, आणि स्वतःच्या अंगात बॅटरीतल्या अ‍ॅसिडनं, त्या तेजाबानं, चाळण झालेला खाकी शर्ट. लोक म्हणायचे, पोरीचे काय लाड आहेत! मलाही तसंच वाटायचं.

मग दादा भरवेलीच्या खाणीत लागला आणि वहिनी घरात आली. ती दुकानात तुमचा डबा घेऊन यायची. डबा ठेवून लगेच घरी जायचं, तर ही तिथेच रेंगाळायला लागली. मी एकदा राखीला माहेरी आले तर बाई तुमचा तो खाकी शर्ट साडीवर चढवून बॅटरीची झाकणं उघडत बसल्या होत्या. मी आपलं काळजीनं म्हटलं, "वहिनी, साडी जळेल ना." तुम्ही मान वर न करता हसलात आणि म्हणालात, "जळू दे. साडी काय, दुसरी येते." बाबा, माझ्या फ्रॉकसाठी आरडाओरडा आणि तिच्या साडीला हसू? त्या दिवशी मी राखी बांधली, पुरणपोळी खाल्ली, सगळ्यांशी गोड बोलले आणि बसमध्ये लालबर्र्यापर्यंत डोळे पुसत गेले. शेजारच्या बाईला वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडते.

शेवटी तुम्ही हायड्रोमीटरही तिलाच दिलात. बॅटरी किती भरली ते दाखवणारी काचेची नळी, आत तरंगणारा काटा, वर रबरी फुगा. लहानपणी मला वाटायचं ते डॉक्टरचं काही तरी आहे, तुम्ही बॅटऱ्यांचा ताप बघता. मला हात लावू दिला नाहीत कधी. दवाखान्यात तुमच्या उशाशी आम्ही दोघी होतो. इतकी वर्षं सासरे म्हणून तुम्हाला मामाजी म्हणणारी वहिनी त्या दिवशी अचानक "बाबा" म्हणाली, आणि तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "हौ बाई." मी त्याच्या आधी दोनदा हाक मारली होती. तुम्हाला ऐकू आलं नसेल, असं मी स्वतःला सांगते.

तर त्या दिवशी शेडमध्ये वहिनी हायड्रोमीटर डाव्या हातात धरून उजेडाकडे बघत होती. एक डोळा बारीक, जिभेचं टोक ओठांत. अगदी तुम्ही. तुमचा चेहरा म्हणे माझ्यावर उतरलाय, सगळे तसंच म्हणतात. पण तुमची ती बघायची तऱ्हा तिनं नेली. माझं डोकं फिरलं. ती चार्जरकडे वळली तेवढ्यात मी डिस्टिल्ड वॉटरचा डबा उचलला आणि एका गाडीच्या सगळ्या बॅटऱ्या काठोकाठ भरून टाकल्या. हंडा भरावा तशा. म्हटलं, बघ, मलाही येतं. चार्जिंग चढलं तसं झाकणांच्या कडांतून खदखदत पाणी वर आलं. मी घाबरून माझ्या ओढणीनंच पुसायला गेले.

"ताई, हात काढा! आधी नाही भरत पाणी. पहिले चार्जिंग, मंग पाणी. गरम झालं का ते फुगते ना!" तिनं मला नळावर नेऊन हात धुवायला लावले, सांडलेलं तेजाब मारायला बॅटऱ्यांवर खायच्या सोड्याचं पाणी टाकलं आणि मग हसायला लागली. "मीबी हेच केलतं. दोनदा. बाबानं असं झापलं, असं झापलं का मी तिथंच रडली. मंग चहा पाजला."

ती हे सहज सांगत होती आणि मला तिनं खाल्लेल्या त्या शिव्यांचासुद्धा हेवा वाटत होता. मला कधी चुकू दिलं असतंत, तर मीही रडले असते, मलाही दुकानातला तो चहा मिळाला असता. उरलेल्या गाड्या मी तिनं सांगितल्याप्रमाणे केल्या. चार्जिंग पूर्ण झालं, मग पाणी, तेही वरून थोडं कमी ठेवून. एकही थेंब सांडला नाही. "जमून राह्यलं तुमाले," वहिनी म्हणाली. मी तोंड वळवून फडकं पिळत बसले.

ओढणी घरी आणली तेव्हा धड दिसत होती. धुतली आणि तिला चाळणीसारखी भोकं पडली. सासूबाई म्हणाल्या, फरशी पुसायला घे. मी ती घडी करून तुम्ही दिलेल्या साड्यांवर ठेवली आहे. तुमच्या दुकानातून मला मिळालेली ही पहिली वस्तू, तीही तुम्ही दिलेली नाही.

उद्या वहिनीचं प्लास्टर निघणार आहे. बॅटऱ्यांची पुढची पाळी याच आठवड्यात आहे. दवाखान्यात तिच्यासोबत मीच जाणार, आणि येताना तिला सांगणार आहे की हात अजून कच्चा आहे, पावसाळाभर वजन उचलायचं नाही, शेडमध्ये मला न्यावंच लागेल. हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, बाबा. माझं मीच ठरवलं आहे.