पाण्यावरची मडकी

४ मार्च १९७३, रविवार
सकाळी तळ्यावर. खडकाचं जे नाक पाण्यात घुसलंय त्याच्या टोकाला बसले. दादाने फौजेतून येताना आणलेली दुर्बीण. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. सगळे अजून मुक्कामाला. दरवर्षी ही मंडळी उत्तरेला निघाली की मला चार दिवस करमत नाही. यंदा रोज बघते, गेली का. जा गं बायांनो, निघा लवकर.
पाण्यावर मडकी तरंगत होती, पालथी. सगळी रिकामी. एक सोडून. त्या एकाखाली आमचे हे.

६ मार्च
ही रीत किसनाची. किसना ढिवर, ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. आधी काही दिवस रिकामी मडकी तळ्यात सोडून द्यायची. पाखरं त्यांना सरावतात. मग एक मडकं डोक्यावर पालथं घालायचं, त्याला डोळ्यांपुरती भोकं, आणि गळ्याइतक्या पाण्यातून हळूहळू जाऊन पाखराचे पाय धरून खाली ओढायचं. शेजारच्या पाखरालाही पत्ता लागत नाही. धरलेलं कमरेच्या दोरीला बांधायचं, पुढे सरकायचं. किसनाच्या सात पिढ्या यात गेल्या. ह्यांच्या सात पिढ्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या. ह्यांना पोहता येत नाही. दिवाळीपासून माग बंद, गांधीबागेतला शेठ सूत देत नाही. बायकोच्या पगाराचा घास गळ्याखाली उतरत नाही म्हणे. म्हणून स्वतःच गळ्यापर्यंत पाण्यात!
बदकं शहरात बर्डीवरच्या एका खानावळीत जातात. मी एकदाही शिजवलं नाही. ह्यांनीही आग्रह केला नाही.

८ मार्च
शाळेत तिसरीला वजाबाकी शिकवत होते. फळ्यावर माझंच उत्तर चुकलं, पोरं हसली. माझा कान तळ्याकडे. जीव नुसता टांगणीला. हे घरी येतात, अंगाला चिखलाचा वास, तेव्हा कुठे भूक लागते मला.

११ मार्च, रविवार
सकाळी पुन्हा तळ्यावर.
वारा होता. रिकामी मडकी काठाकडे सरकत होती. ह्यांचं जागच्या जागी. मला वाटलं, पाखराची वाट बघतायत. मग ते तिरपं झालं, आत पाणी गेलं आणि बुडालं. चक्रवाक ओरडत उठले. दुर्बिणीतून दिसत होतं सगळं, मी मात्र खडकावरच. किसना बांधावरून विळा घेऊन पाण्यात पडला. किती वेळ गेला माहीत नाही. दोघं वर आले.
ह्यांच्या तोंडात चिखल. ओकले. मग डोळे उघडले.
दोरी शिंगाड्याच्या वेलात अडकली होती. तेवढ्याने माणूस बुडत नाही, किसना म्हणाला. "बाई, कमरेले सरकगाठ मारा लागते. ओढली का सुटली पाह्यजे. यानं मागावरची गाठ मारून ठेवली. भिजली का ते अजून आवळते."
तुटलेला धागा जोडायची गाठ. हे सहा वर्षांचे होते तेव्हापासून बोटांत बसलेली. रात्री म्हणाले, मी मारलीच नाही गं, हातानं मारली.

१२ मार्च
खाटेच्या पायाला दोरी बांधून सरकगाठ शिकत होते. एकदा जमली, दोनदा जमली. तिसऱ्यांदा माझ्याशी बोलता बोलता मारली, ती पुन्हा मागावरचीच. आम्ही दोघांनी बघितलं.
मी पाया पडले. सोडा हे पाण्यात जाणं म्हटलं. म्हणाले, "पाखरं गेली का मी आपोआप मोकळा होतो. चार दिवसाची तं गोष्ट आहे. काहून भिऊन राहिली?"
मी भिते. लिहून टाकते एकदा. मला फार भीती वाटते.

१५ मार्च
तलवार बदकं गेली. काल संध्याकाळी होती, आज पाणी मोकळं. थापट्याही अर्ध्याहून कमी. हंस मात्र तसेच, सकाळभर काठावरचं गवत खातात. त्यांना हिमालय ओलांडायचाय, पोट भरल्याशिवाय कसे निघतील. खानावळवाल्याला आता हंसच हवा आहे. ह्यांनी एक तरी धरून देतो म्हणून सांगितलंय. आता जिद्दीला पेटले.

१६ मार्च
किसना घरी आला. चहा घेतला नाही. ह्यांना म्हणाला, "मी नाही येत गा तुह्यासंग. मेला तं बाईले काय सांगू?" हे हसले. बरं, एकटा जातो म्हणाले.
म्हणजे आता बांधावर विळा घेऊन कोणी नाही.

१८ मार्च, रविवार
पहाटे हे निघाले, मागोमाग मी. पदराखाली पितळी ताट आणि उलथनं. खडकाच्या नाकाच्या टोकाला जाऊन बसले. उजाडलं. हंस पाण्यात उतरले होते, माना पंखांत. एक मडकं वाऱ्याविरुद्ध चाललं होतं.
मी उठून ताट बडवलं. वेडीसारखं बडवलं. सगळा थवा एकदम उठला, डोक्यावरून गेला, दोन फेऱ्या मारल्या आणि उत्तरेला वळला. परत नाही आला. अर्ध्या पोटी हाकलले मी त्यांना. ज्यांना बघायला सात वर्षं थंडीत बसले, त्यांनाच. रडले. पण खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू मागून आलं.
ह्यांनी मडकं काढून हातात धरलं. छातीभर पाण्यात उभे, माझ्याकडे बघत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ मार्च
धुळवड. गल्लीत पोरं रंग खेळली. एकाने माझी पाठ रंगवली, मी रागावलेही नाही. जेवताना भाकरीचा तुकडा मोडत हे म्हणाले, "उद्यापासून उमरेडकडच्या मोठ्या तलावावर जातो. तिथं हंस आहेत अजून. अन् तुह्यी दुर्बीण तिथं पोचत नाही."
मी वरण वाढलं.

२० मार्च
पहिल्या एसटीने गेले. मडकं पोत्यात गुंडाळून.
शाळा सुटल्यावर थेट थांब्यावर जाऊन उभी राहिले. उमरेडची गाडी आली. चार-पाच माणसं उतरली, एक म्हातारी, एक शेळी. कंडक्टरने विचारलं, बाई, कोणाची वाट बघता. मी म्हटलं, कोणाची नाही. पुढची गाडी दिवे लागल्यावर येते.