उद्घाटनापर्यंत कुलूप

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. पूर्ण खासगी. कोणी वाचणार नाही, तरी अक्षर नीट काढायचं ठरवलं आहे. पुढेमागे काय होईल सांगता येत नाही.

भोंगवलीच्या पुढच्या वाडीतली आमची अभ्यासिका तयार झाली. रंग, ट्यूबलाइट, पंखा, नवे बेंच, पुस्तकांचं कपाट. बेंचवरचं प्लास्टिक मी काढू दिलेलं नाही. ज्या फाउंडेशनने बेंच दिले त्यांचे साहेब उद्घाटनाला येणार, त्यांना ते कोरे दिसले पाहिजेत. सव्वीस जानेवारीच्या आत येतो म्हणाले आहेत. तोपर्यंत कुलूप. किल्ली माझ्याकडे.

संस्थेत आम्ही सगळे एकमेकांना ताई-दादा म्हणतो. त्यामुळे अधिकार नीट दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो की मी या केंद्राचा प्रमुख आहे. उद्घाटन दणक्यात झालं की वेल्ह्याचं केंद्रही माझ्याकडे येणार. पुण्याच्या ऑफिसातल्या सरोजताई तसं बोलल्या नाहीत, पण फोन ठेवताना ‘बघू’ म्हणाल्या. उगीच बघू म्हणणाऱ्या त्या नव्हेत.

५ जानेवारी
विद्यार्थ्यांची मीटिंग, अभ्यासिकेच्या पायरीवर. शाळा सुटलेली मोजकी मुलं-मुली आहेत. सतरा नंबरचा फॉर्म भरून यंदा बाहेरून दहावीला बसणार. पेपर फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतात. म्हणजे वेळच वेळ.

सगळ्यांत हुशार सोनिया. नववीनंतर शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आता हाताशी लहान मुलगा. घरात एक खोली, त्यात टीव्ही आणि सासरे, दोन्ही चालू. अभ्यासिका होणार म्हणून तिच्या सासूबाई ठकुबाई संध्याकाळी सहा ते आठ नातवाला सांभाळायला तयार झाल्या. मला मुद्दाम भेटून म्हणाल्या, शिमग्यापातूर म्या हाय, मग लेकीच्या बाळंतपणाला जायचंय, तवर काय शिकवायचं ती शिकवून घ्या. मी त्यांना शब्द दिला. मी शब्द दिला की माणसं निर्धास्त होतात हे मी पाहिलं आहे.

सोनियाने विचारलं, दादा, आजपासून आत बसलं तर चालंल का. मी तिला प्रोटोकॉल समजावून सांगितला. ती ‘बरं’ म्हणाली. समजूतदार मुलगी.

९ जानेवारी, संध्या. ६.३०
मिताली आली. आमची व्हॉलंटिअर, भोरच्या कॉलेजात बीएस्सीला आहे, स्कूटीवर येऊन गणित शिकवते. आज पायरीवरच बीजगणित घेतलं. थंडी होती, डास होते, उजेड रस्त्यावरच्या खांबाचा. मुलं हलली नाहीत. मी लांबून फोटो काढले. कुलूपबंद केंद्राबाहेर शिकणारी मुलं, म्हणजे केंद्राची किती गरज आहे याचा पुरावाच.

मितालीने मला बाजूला घेऊन विचारलं, वरददादा, आत ट्यूब आहे ना? मी म्हणालो, आहे, म्हणूनच जपतोय.

संकल्प : कार्यकर्त्यांच्या भावना समजून घेणे. ऐकणे. मध्ये न बोलणे.

१४ जानेवारी
साहेब दुबईला. तारीख पुढे. हरकत नाही. फ्लेक्स छापून झाला होता, तारखेवर कागद चिकटवला. दिसतो बरा.

मिळालेल्या वेळाचा उपयोग म्हणून स्वागतगीत लिहिलं. साहेबांच्या आडनावाला यमक सापडायला दोन दिवस गेले. आजपासून सहा ते सात तालीम, सात ते आठ अभ्यास. सोनियाचा आवाज चांगला आहे, ती मधोमध उभी राहील.

२१ जानेवारी
सात ते आठ अभ्यास होत नाही, कारण तालीम आठपर्यंत जाते. दुसरं कडवं बसत नाही.

ठकुबाई नातवाला कडेवर घेऊन बघायला आल्या. म्हणाल्या, परीक्षेत गाणं इचारत्यात व्हय. मी हसलो. खेड्यातल्या माणसांचा विनोद मला आवडतो. त्या हसल्या नाहीत.

२५ जानेवारी
आज येणार होते. मंडप घातला, रांगोळी झाली, मुलांना इस्त्रीचे कपडे घालून दुपारपासून उभं केलं. साहेब कापूरहोळपर्यंत आलेही. तिथे ढाब्यावर मिसळ खाल्ली, तेवढ्यात पुण्याहून फोन आला, तसेच परत गेले. त्यांच्या ड्रायव्हरने मला कळवलं. मिसळ आवडली म्हणे.

म्हणजे माणूस निम्म्याहून जास्त रस्ता आला. मी याला अपयश म्हणणार नाही.

मंडपवाला कुंडलिक बोलायला फटकळ. म्हणाला, सर, पुढच्या टायमाला पाव्हणा फाट्यावरनं आत वळला की फोन करा, मग खांब रोवतो.

३ फेब्रुवारी
मितालीशी मतभेद. ती म्हणाली, पेपर तोंडावर आलेत, दार उघडा, साहेब येतील तेव्हा परत बंद करू आणि परत फीत लावू, त्यांना काय कळणार आहे. मी म्हणालो, हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. तिने वह्या पिशवीत भरल्या. मग म्हणाली की तिचीही परीक्षा जवळ आली आहे, उद्यापासून तिला जमणार नाही.

विद्यार्थी घडवणं सोपं, कार्यकर्ते घडवणं अवघड. गणित आता मीच घेईन. माझं गणित एकेकाळी बरं होतं. आज रात्री पुस्तक चाळतो.

४ फेब्रुवारी
पुस्तक कपाटात. कपाट अभ्यासिकेत. अभ्यासिकेला कुलूप. क्षणभर मोह झाला होता. आवरला.

१० फेब्रुवारी
सोनियाच्या पुस्तकावरून गणित घेतलं. वर्गसमीकरण. मी फळ्याशिवाय शिकवू शकत नाही हे आज लक्षात आलं, आणि फळा आत आहे. सोनियाने स्वतःच वहीत करून मला दाखवलं. तिने विचारलं, दादा, बरोबर हाय का. मी म्हणालो, महत्त्वाचं उत्तर नाही, आत्मविश्वास. ती म्हणाली, पण उत्तर बरोबर हाय का. मी उद्या सांगतो म्हणालो.

१२ फेब्रुवारी
सरोजताईंचा फोन. मुलं काय म्हणतात, अभ्यास जोरात ना? मी म्हणालो, सगळं रेडी आहे ताई. त्या म्हणाल्या, छान, म्हणजे पेपरच्या आधी तुझ्या केंद्राचा उपयोग झाला. मी मध्ये बोललो नाही. ऐकणे हा माझा संकल्पच आहे.

फोन ठेवल्यावर पेपरला किती दिवस उरले ते मोजलं. आता ठरलं. उद्या सकाळी अभ्यासिका उघडायची. साहेब आले तर आले. माणसाने केव्हातरी स्वतःचा निर्णय घेतला पाहिजे. खूप हलकं वाटतंय.

१३ फेब्रुवारी
सकाळी किल्ली घेऊन निघालो आणि साहेबांच्या सेक्रेटरीचा मेसेज. सोळा तारीख पक्की. तीन दिवसांसाठी इतक्या दिवसांची तपश्चर्या मोडणं वेडेपणा ठरेल. परत फिरलो. फ्लेक्सवर नवा कागद.

१६ फेब्रुवारी
आले नाहीत.

२० फेब्रुवारी
पायरीवर आता फक्त सोनिया येते. बाकीच्यांपैकी दोन मुलं कापूरहोळला गॅरेजात बसून वाचतात, गॅरेजवाला चांगला आहे म्हणे. उरलेल्यांचं काय चाललंय विचारायचं राहिलं.

उद्या पहिला पेपर, मराठीचा. सोनियाला शुभेच्छा दिल्या आणि पेन दिलं, संस्थेचा लोगो असलेलं. मराठी तिला जड नाही. गणिताला अजून वेळ आहे, तोवर उद्घाटन होऊन ती आत पंख्याखाली बसलेली असेल. हे चित्र मला अगदी स्वच्छ दिसतं.

२४ फेब्रुवारी
सोनियाही आली नाही. मी घरी गेलो. ठकुबाई गोठ्यात होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, एकटी बाई अंधारात पायरीवर बसती, येणारंजाणारं बघतंय, मलाच न्हाई बरं वाटत. तुमी दार उघडा, म्या सवता सोडाय येते तिला. मी सांगितलं, सहा मार्च, अगदी पक्कं. त्यांनी शेणाची पाटी उचलून डोक्यावर घेतली.

आत सोनिया एका हाताने पोराला थोपटत होती, दुसऱ्या हातात पुस्तक. टीव्हीवर सिरिअल. मला तिथे उभं राहवलं नाही.

३ मार्च, संध्या. ७
परवा बीजगणिताचा पेपर. सोनिया माझ्या बाइकपाशी थांबली होती. म्हणाली, दादा, आज आन् उद्या दोनच संध्याकाळी किल्ली द्या. प्लास्टिकला हात लावत न्हाई. खाली फरशीवर बसते. निघताना झाडून घेते.

साहेब सहा तारखेला येणार. आत जाऊन आलेल्या माणसाची खूण राहतेच, कितीही झाडलं तरी. शिवाय एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते, आणि मग तत्त्व कुठे राहिलं? मी तिला हे सगळं सांगितलं. ती मान हलवत होती. मला वाटलं, पटलं. मग दिसलं की ती रडू आवरतेय.

तरी दिली नाही. नेतृत्वात अशा वेळा येतात, असं स्वतःला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

५ मार्च
बीजगणित झालं. सोनियाने निम्मा पेपर कोरा दिला, असं तिच्या नवऱ्याने सांगितलं. त्याचा भाजीचा टेम्पो आहे, तोच तिला भोरला सोडतो. म्हणाला, यताना पुस्तक पिशवीतनं काढलंबी न्हाई. मी म्हणालो, भूमिती अजून आहे, विज्ञान आहे. तो म्हणाला, व्हय, हाय की.

साहेबांचं सहाचं रद्द. त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा. हे आधी कळवता आलं असतं. प्रथमच त्यांच्याबद्दल मनात वाईट शब्द आला. लिहीत नाही.

७ मार्च
भूमितीच्या पेपरला सोनिया गेली नाही.

मी वाडीत दोन चकरा मारल्या, तिच्या घरापर्यंत जाऊन परतलो. दार उघडंच होतं. जायला हवं होतं. पण जाऊन सांगणार काय, नवी तारीख?

१५ मार्च
शिमगा झाला. ठकुबाई काल लेकीकडे भाटघरला गेल्या. म्हणजे सोनिया आता पूर्णवेळ घरी.

सेक्रेटरीचा फोन. सतरा तारीख, या वेळी साहेब नक्की. फ्लेक्सवर कागदाचा इतका थर झालाय की तारीख पुढे आलेली दिसते. कुंडलिकला फोन केला. तो म्हणाला, फाट्यावरनं वळू द्या आदी.

१७ मार्च, दुपारी
उद्घाटन झालं. साहेब आले, वेळेवर आले, खुल्या मनाचे गृहस्थ निघाले. सरोजताईही पुण्याहून आल्या. फीत कापली, टाळ्या. दार उघडल्यावर रंगाचा वास आला. साहेबांनी बेंचवरचं प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडलं. याच क्षणाची मी अडीच महिने वाट बघत होतो. कसं वाटलं ते आठवत नाही.

विद्यार्थी नव्हते. आज दहावीचा शेवटचा पेपर. तारीख घेताना बोर्डाचं टाइमटेबल बघायचं राहिलं. समोर अंगणवाडीची बाळं आणि पाणी भरून परतलेल्या बायका बसवल्या. स्वागतगीत मी एकट्याने म्हटलं.

साहेब म्हणाले, एखादा विद्यार्थी भेटवा ना. मी धावत सोनियाकडे गेलो. ती यायला तयार नव्हती. मी अक्षरशः हात जोडले. पोराला कडेवर घेऊन, पदराने तोंड पुसत आली. बेंचवर बसली. बसताना तिने बेंचवरून एकदा हात फिरवला. फोटोसाठी तिच्या पुढे कपाटातलं पुस्तक ठेवलं, नेमकं गणिताचंच हाती आलं.

साहेबांनी प्रेमाने विचारलं, बेटा, परीक्षा कशी चालली आहे? ती म्हणाली, न्हाई चालली सर, म्या सोडली. साहेब म्हणाले, अरेरे, का? तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगणार. ती म्हणाली, घरी जमलं न्हाई.

साहेब म्हणाले, आता एवढी सुंदर सोय झाली आहे, आता सोडायचं नाही. ती ‘व्हय’ म्हणाली. फोटो चांगले आले आहेत.

१८ मार्च
सकाळी सरोजताईंचा फोन. साहेब फार खूश. इतका नेटका कार्यक्रम त्यांनी कुठल्या तालुक्यात पाहिला नाही म्हणे. वेल्ह्याचं केंद्र माझ्याकडे दिलं. खोली तयार आहे, बेंच पुढच्या आठवड्यात येतील, उद्घाटनाचं तूच बघ, तुला छान जमतं, असं म्हणाल्या. मी थँक यू म्हणालो. जानेवारीत ही बातमी आली असती तर पेढे वाटले असते. आज भोरच्या बाजारात पेढ्याच्या दुकानापुढे बाइक थांबवली आणि तशीच पुढे नेली.

संध्याकाळी सहाला अभ्यासिका उघडली. ट्यूब लावली, पंखा लावला, फळा पुसला, कोरा असूनही. सातपर्यंत कोणी आलं नाही. पेपर संपल्यावर कोण येणार, हे मला सहालाच माहीत होतं.

बंद करून सोनियाकडे गेलो. ठरवून गेलो होतो की जुलैच्या फेरपरीक्षेबद्दल बोलायचं. ती चुलीपुढे, पोरगं पाठीवर लोंबकळत होतं. मी जुलै म्हणालो. ती म्हणाली, जुलैत भाताची लावणी आसती दादा, आन् आत्याबाई लेकीकडनं कवा येत्यात कुणाला ठावं. हे ती रागाने म्हणाली नाही. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून सांगून टाकलं की मला वेल्ह्याचं केंद्र मिळालं.

तिने भाकरी उलटली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसलं. म्हणाली, लई चांगलं झालं. तिकडंबी पोरी आसतील माज्यासारख्या. मग पुढचा गोळा हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली, दादा, तिकडं तरी आदी उघडा.

मी हो म्हणालो. तिने जेवून जा म्हटलं, मी थांबलो नाही. आता घरी बसून हे लिहितोय आणि सेक्रेटरीचा मेसेज आलाय, वेल्ह्याच्या उद्घाटनासाठी साहेबांना कुठली तारीख कळवू.